दोन झाकणं पाणी आणि एक वाकलेला रॉड

शेजारच्या काकांची गाडी गॅरेजच्या दारात क्रेनवरून उतरली तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. मेकॅनिकने गाडीकडे बघायच्या आधी काकांकडे बघितलं.

"काका, बंद पडल्यावर सेल्फ मारला का?"

"एकदाच."

"एकदाच म्हणजे किती वेळा?"

काका जरा थांबले. "चार-पाच वेळा मारला असेल. सुरू होतेय का ते बघत होतो."

मेकॅनिक काही बोलला नाही. बोनेट उघडून त्याने एअर फिल्टर बाहेर काढला आणि तिरका धरला. धार लागली.

दर पावसाळ्यात अंधेरी सबवेत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ फिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा लोक गाड्या रस्त्यात सोडून चालत घरी गेले. 2024 च्या जुलैत पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या आहे तिथेच बुडाल्या. बातमी गाडी बुडण्यापाशी संपते. इंजिनाचं नुकसान मात्र पुष्कळदा त्यानंतर होतं, तेही मालकाच्या हातून. पाण्यात उभं असलेलं बंद इंजिन भिजतं, गंजतं, पण सहसा तुटत नाही. तुटायला ते फिरावं लागतं. असं का, ते समजून घ्यायला इंजिन आत काय करतं हे थोडं बघावं लागेल.

इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण इंजिनाचं खरं खाणं हवा आहे. 1200 सीसीचं इंजिन 2000 आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला 2000 फेरे) पूर्ण दाबलं, तर मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा आत घेतं. छतावर सोसायटीची हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढी हवा दर मिनिटाला.

ही हवा सिलिंडरमध्ये जाते. सिलिंडर म्हणजे लोखंडात किंवा अॅल्युमिनियममध्ये कोरलेली गोल विहीर, आणि तिच्यात वर-खाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, वर येताना ती दाबतो, दाबलेल्या हवेत इंधन पेटलं की जोरात खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. पिस्टनच्या वर-खाली होण्याने खाली जो दांडा गोल फिरतो तो क्रँकशाफ्ट, आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'रॉड' म्हणतात. या लेखात जे काही मोडायचं आहे ते बहुतेक वेळा तोच मोडतो.

हवा दाबायला किती जोर लागतो, हे ज्यांनी विहिरीवरचं जुनं किर्लोस्करचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केलंय त्यांना सांगायला नको. आधी खटका उचलून व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरचं दार, उघडा ठेवायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा मोकळी बाहेर जाते आणि हँडल फिरतं. वेग आला की खटका सोडायचा. खटका न उचलता हँडल फिरवायला गेलात तर पहिलवानाचेही हात अडतात. आणि ही नुसती हवा होती, जी दाबली की निदान आकसते तरी.

दोन झाकणांचा हिशोब

इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, पुढचं तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. बराच आत जाईल, सोडला की परत येईल. आता तीच सिरिंज पाण्याने भरून दाबा. दट्ट्या हलणारही नाही. हवेचे कण दूरदूर असतात म्हणून तिला दाबता येतं, पाण्याचे कण आधीच खेटून बसलेले असतात. वातावरणाच्या वीसपट दाब दिला तरी पाणी हजारात एक भाग एवढंच आकसतं. इंजिनाच्या लेखी ते दगडासारखंच.

आता नेहमीच्या छोट्या गाडीचा हिशोब करू. चार सिलिंडरचं 1200 सीसी पेट्रोल इंजिन म्हणजे एका सिलिंडरला 300 मिली. त्याचा दाबण्याचा पट 11, म्हणजे हवा अकराव्या हिश्श्याच्या जागेत दाबली जाते असं धरलं, तर पिस्टन सगळ्यात वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम 30 मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या झाकणात साधारण 15 मिली मावतं, म्हणजे ही दोन झाकणं झाली. डिझेल इंजिन हवा आणखी घट्ट दाबतं. 1250 सीसीच्या डिझेलचा पट 17-18 असतो आणि तिथे वर उरणारी जागा 19 मिलीच्या आसपास, एका झाकणाहून थोडी जास्त.

याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नसते. व्हॉल्व्ह बंद, पाणी दबत नाही, आणि खालून क्रँकशाफ्ट आणि त्यावरचं जड चाक, फ्लायव्हील, फिरण्याच्या वेगासकट पिस्टनला वर ढकलताहेत. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. विमा कंपन्यांच्या कागदावर 'हायड्रोस्टॅटिक लॉक' असं लांबलचक नाव असतं. मेकॅनिक म्हणतो, "गाडीनं पाणी ओढलं." तिन्हींचा अर्थ एकच.

कुठेतरी माघार घ्यावीच लागते आणि ती बहुधा रॉड घेतो. इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू असताना पाणी गेलं तर ते अडखळून बंद पडतं आणि नशीब बरं असेल तर काही वाकतही नाही. पण अडीच-तीन हजार आरपीएमवर असताना गेलं, तर रॉड वाकतो, क्वचित तुटून ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याची, भिंत फोडून बाहेर डोकावतो. तसा ब्लॉक मी एकदा बघितला आहे. भोकातून आतला अर्धा रॉड दिसत होता, भाजलेल्या कणसाच्या दांड्यासारखा.

पण पाणी आत जातं कुठून?

बहुतेकांना वाटतं, सायलेन्सरमधून. खरा रस्ता पुढून आहे. हवा ओढणाऱ्या पाइपचं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या बाजूला असतं. तिथून हवा एअर फिल्टरच्या डब्यात आणि मग इंजिनात जाते. फिल्टर कागदाचा असतो. तो धूळ अडवतो, पाणी अडवू शकत नाही.

एरवी हे तोंड बरंच उंच असतं. मग गुडघाभर पाण्यात गाडी का मरते? कारण गाडी पाण्यात चालली की होडीसारखी पुढे लाट उठवते, आणि ती लाट रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा बरीच उंच असते. वेग जास्त तर लाट मोठी. त्यात समोरून एसटी किंवा टेम्पो जोरात गेला तर त्याची लाट थेट बोनेटवर येते. तुम्ही कितीही जपून चालवत असलात तरी शेजारच्याचा भरवसा नाही.

यावर हमखास एक आक्षेप येतो: "सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून रेस धरून ठेवायची, असं सगळे सांगतात." त्यात थोडं तथ्य आहे. इंजिन चालू असेपर्यंत बाहेर येणारा धूर पाण्याला मागे ढकलतो, पण त्यासाठी आयडलपेक्षा किंचित जास्त रेसही पुरते. पहिला गिअर, एकसारखा कमी वेग आणि मध्ये न थांबणं, एवढंच. घाबरून इंजिन केकाटवलं, तर सायलेन्सर वाचवण्याच्या नादात पुढून हवेची ओढ वाढते, आणि पाणी तोंडाशी आलंच तर आणखी जोरात आत खेचलं जातं. शिवाय त्या वेळी आरपीएम जास्त असतो, म्हणजे रॉड वाकायची पूर्ण सोय.

किती पाण्यात जाणं ठीक? काही कंपन्या हा आकडा जाहीर करतात. थारसाठी 650 मिमी सांगितलेला आहे, आणि तोही संथ पाण्यात, हळू चालवताना. साध्या हॅचबॅकला चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी दिसलं की मी वळतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

बंद पडली, आता?

किल्ली फिरवू नका, बटण दाबू नका. सोपं वाटतं, पण कठीण आहे. पाणी पायाशी येत असतं, मागे रांग असते, मुलं आत असतात, आणि 'एकदा बघू तरी' म्हणून हात आपोआप किल्लीकडे जातो.

एक सेल्फ मारल्याने इंजिन दर वेळी मोडतंच असं नाही. पुष्कळदा 'टक्' आवाज येतो आणि सेल्फ अडकतो. आत पाणी असल्याचीच ती खूण असते, तिथे थांबलं तर वाचायची संधी बरीच असते. वाईट होतं ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. चारपैकी एखाद्याच सिलिंडरमध्ये पाणी असतं, बाकीचे तीन पेटतात आणि चौथ्याला जबरदस्तीने फिरवतात. सेल्फच्या मोटरमध्ये जो जोर नव्हता, तो स्फोटात असतो. धक्का स्टार्ट त्याहून वाईट, कारण तिथे दीड टनाच्या गाडीचा सगळा रेटा गिअरमार्गे त्या रॉडवर येतो.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की परत सुरू होतं. पाणी साचलेल्या रस्त्यावर ही सोय आधीच बटण दाबून बंद करावी, नाहीतर नको तेव्हा सेल्फ गाडीच मारेल.

गाडी न्यूट्रलला टाकून लोकांच्या मदतीने उंचावर ढकला. माणसं आधी उतरवा. पाणी वाढत असेल तर गाडी सोडून द्या, तिचा विमा असतो. कोरड्या जागी आल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढता आलं तर काढा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरीने ओढत न नेता सपाट पाठीच्या क्रेनवरून न्या.

पार्किंगमध्ये बुडालेल्या गाडीलाही हेच लागू. पाणी ओसरलं, ऊन पडलं, सीट वाळल्या, सगळं ठीक दिसतंय म्हणून चौथ्या दिवशी किल्ली फिरवणारे कमी नसतात. उभ्या गाडीत पाणी पाइपातून आणि सायलेन्सरमधून निवांतपणे शिरतं आणि एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. वरून ते वाळत नाही.

गॅरेजवाला काय करतो?

हे माहीत असलेलं बरं, म्हणजे तो करतोय की नाही ते कळतं.

आधी एअर फिल्टर आणि त्याचा डबा बघतात. दोन्ही कोरडे असतील तर पाणी त्या वाटेने इंजिनात गेलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, मग बिघाड वायरिंगमध्ये वगैरे शोधायचा. ओला असेल तर पुढची तपासणी ऑइलची. ऑइलची पट्टी बाहेर काढल्यावर ऑइल दुधाळ, कटिंग चहाच्या रंगाचं दिसलं, किंवा पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर पाणी ऑइल साठतं त्या खालच्या चेंबरपर्यंत पोचलंय.

मग स्पार्क प्लग काढतात. चारही. डिझेलला स्पार्क प्लग नसतात, तिथे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात आणि जुन्या गाडीचे इंजेक्टर निघायला नखरे करतात, म्हणून डिझेलची मजुरी जास्त. प्लग निघाले की सिलिंडरला वर भोक मिळतं. म्हणजे तोच विहिरीवरच्या इंजिनाचा उचललेला खटका. आता इंधन आणि ठिणगी दोन्ही तोडून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. हाताने अशासाठी की कुठे अडलं तर ते हाताला कळतं. दोन पूर्ण फेरे बिनअडथळ्याचे झाले की थोडा थोडा सेल्फ मारायचा, आणि मग भोकांतून पाण्याचं कारंजं उडतं. बघायला गर्दी जमते, पण तोंड वर घेऊन उभं राहू नये, त्यात पेट्रोलही असतं.

पाणी निघून गेल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतात, कारण ओल्या सिलिंडरवर गंज चढायला काही तास पुरतात. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या तर वेगळंच दुखणं सुरू होतं. म्हणूनच 'पुढच्या आठवड्यात बघू' हे इथे चालत नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा एकदा बदलायचा. पहिल्यांदा सगळं पाणी निघत नाही.

इथवर निभावलं तर काम काही हजारांत होतं.

सुरू झाली, म्हणजे वाचली ना?

काकांनीही हेच विचारलं होतं. उत्तर आहे, सांगता येत नाही. रॉड थोडासाच वाकलेला असेल तर इंजिन सुरू होतं, गाडी चालतेही.

वाकलेला रॉड किंचित आखूड होतो. समजा 1 मिमीने झाला, तर पिस्टन तेवढा खाली थांबतो आणि वरची जागा 30 ची 34 मिली होते. त्या सिलिंडरमध्ये हवा इतरांपेक्षा कमी दाबली जाते, इंजिन आयडलला थरथरतं, पिकअप थोडा कमी वाटतो. तिरका रॉड पिस्टनला सिलिंडरच्या एका बाजूला घासत राहतो. आणि मग काही महिन्यांनी, एखाद्या कोरड्या दिवशी एक्स्प्रेसवेवर, रॉड तुटतो. तोवर पावसात अडकल्याची आठवणही राहिलेली नसते.

म्हणून कम्प्रेशन टेस्टचा आग्रह धरायचा. प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजतात. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. तीन सारखे आणि एकच मागे पडलेला असेल, तर त्यावर बोट ठेवून विचारा. जास्त खात्री हवी असेल तर प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आणून प्लगच्या भोकातून त्याची खोली मोजता येते. जो खाली थांबलाय त्याचा रॉड वाकलाय. काकांच्या गाडीत तिसरा थांबला होता.

त्यापुढे इंजिन उतरवणं आलं. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढायचं, चेंबर काढायचं, रॉड-पिस्टन बाहेर, बोअर (सिलिंडरची आतली विहीर) आणि क्रँक लेथवाल्याकडे मोजायला. क्रँक आणि बोअर शाबूत असले तर रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं बदलून भागतं. नाहीतर अर्धं इंजिन नवं, आणि खर्च सहज लाखाच्या घरात. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून देतो म्हणणारा भेटला तर गाडी परत घेऊन या.

पावसाचा थेंब नाही, तरी हायड्रोलॉक?

होतो. द्रव म्हणजे पाणीच असं नाही. हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं असेल तर रात्रभरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपून एखाद्या सिलिंडरमध्ये साचतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला 'खट्ट'. कूलंट वरचेवर कमी होणं, सकाळी पांढरा गोडसर वासाचा धूर आणि पहिली काही मिनिटं इंजिन अडखळणं ही आधीची लक्षणं. गळका इंजेक्टर पेट्रोलनेही तेच करू शकतो. जुन्या विमानांच्या चक्राकार इंजिनांत खालच्या बाजूच्या सिलिंडरांत ऑइल साचायचं, म्हणून उड्डाणाआधी माणसं पंखा हाताने फिरवून बघत. रुबाब म्हणून फिरवत नसत.

"माझ्याकडे फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेपसकट"

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सावकाश.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर विषय संपला. तुमच्या गाडीच्या नुकसानीशी त्याचा संबंध नाही. पॅकेज पॉलिसीत, ज्याला आपण 'फुल' म्हणतो, पूर आणि पाण्याने होणारं नुकसान धरलेलं असतं. सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स, धुणं-सुकवणं, भिजलेल्या इंजिनाची सफाई हे त्यात बसू शकतं. पण त्याच पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. कंपनीचं म्हणणं असं: पुराने गाडी भिजवली, तो पूर आम्ही भरून देऊ. त्यानंतर तुम्ही सेल्फ मारला आणि रॉड वाकला, ते पुराने केलेलं नाही, तुमच्या कृतीचा परिणाम आहे. ऐकायला निर्दयी वाटतं, पण वरचा दोन झाकणांचा हिशोब पाहिला तर त्यात तर्क आहे, हे मला कबूल करावं लागतं.

झिरो डेप म्हणजे बदललेल्या सुट्या भागांवर घसारा कापणार नाहीत, एवढंच. जे नुकसान मुळात मंजूरच नाही त्यावर घसारा कापला काय, न कापला काय. हायड्रोलॉकसाठी वेगळं जोडकलम लागतं, बहुतेक कंपन्या त्याला 'इंजिन प्रोटेक्ट' किंवा तसंच काही म्हणतात. गाडी फार जुनी असेल तर ते सहसा मिळत नाही. आणि त्यातही बारीक अक्षरात अटी असतात, त्यात 'पाणी गेल्याचं कळल्यावरही इंजिन चालवलं' याला मुभा आहे का ते वाचायचं. सखल भागात राहणाऱ्याने किंवा रोज सबवेतून जाणाऱ्याने हे कलम मेपूर्वी बघून ठेवावं, ऑगस्टमध्ये नव्हे.

दावा करायचा असेल तर गाडी पाण्यात असतानाच फोटो काढा, पाण्याची रेषा दरवाजावर दिसेल असे. कंपनीला लगेच कळवा. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका, खोललेल्या इंजिनावर वाद घालणं त्यांना सोपं जातं. आणि नुकसान थोडं असेल तर नो क्लेम बोनसचाही हिशोब करा. पाच वर्षं दावा नसेल तर ती सवलत 50 टक्क्यांपर्यंत गेलेली असते आणि आठ-दहा हजारांच्या सफाईसाठी ती घालवणं पटत नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जा, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, वकील लागत नाही, शुल्क नाही. 'पाणी ओढल्यावर इंजिन चालू असतानाच बंद पडलं, नंतर सेल्फ मारलेला नाही' हे जर खरं असेल, तर तिथे ते वजनदार ठरतं.

ब्लॉक बदलावा लागला तर आणखी एक काम उरतं. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, म्हणजे गाडीचा नंबर तोच राहिला तरी इंजिनाचा बदलतो. नव्या ब्लॉकचं बिल घेऊन आरटीओत आरसीवर त्याची नोंद करावी लागते, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. भंगारबाजारातून स्वस्तात आणलेल्या ब्लॉकला असं बिल बहुधा नसतं. काकांना तसा एक ब्लॉक निम्म्या किमतीत मिळत होता. त्यांनी बिल मागितलं, तेव्हा दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.